सातव्या वर्षाचा वाघ

माझ्या जिवासाठी माझा बाप सहा वेळा वाघ झाला. सातव्या वेळी काय झालं ते लिहून ठेवावं म्हणून आज बसले आहे. नातवंडांना सांगायला गेलं की ती विचारतात, "आजी, सर्कशीतला वाघ का?" सर्कशीतला नव्हे रे बाबांनो, मोहरमातला. सोलापुरात आमच्या बोळात तेव्हा मोहरम हा फक्त मुसलमानांचा सण आहे हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मोहरमात बसवतात त्या चांदीच्या पंजाला नवस बोलायचा, लेकराला फकीर करायचं, गळ्यात लाल नाडा घालायचा, हे आमच्याकडे सगळेच करत. मी दोन वर्षांची असताना मला आमांश झाला होता. अंगावर कातडं आणि हाडं तेवढी उरली होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंजासमोर ऊद जाळून बोलून टाकलं की पोरगी वाचली तर सात वर्षं वाघ होऊन तुझ्यापुढे नाचेन. मी वाचले. आता इतकी वर्षं वाचले आहे की आबांना तो नवस जरा महागच पडला असं मी गमतीनं म्हणते.

आबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, रागानं त्याहून मोठे आणि मनानं पाण्यासारखे. मोहरमाचा चंद्र दिसला की त्यांचं चालणं बदलायचं. कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर मोडून खाताना उगाच मान हलवायचे, आणि मी "आबा, वाघ आला का?" म्हटलं की घशातून असा गुरगुराट काढायचे की चुलीपाशी बसलेली मांजर उठून जायची. सातव्या दिवशी ते अंग भादरून घ्यायचे आणि नवव्या दिवशी कासीमचाचा त्यांना रंगवायचे. चाचा म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागलेले शेजारी. सात रस्त्यापाशी त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकानांच्या नावांची अक्षरं ते अशी काढत की न शिकलेला माणूसही थांबून वाची. पण त्यांचा खरा जीव वाघात. आधी अंगभर पिवडी, म्हणजे पिवळी माती, पोटाला चुना, मग काजळीचे पट्टे, मग मिशा आणि सगळ्यांत शेवटी डोळे. डोळे काढले की वाघ आला. त्यानंतर आंघोळ होईपर्यंत आबांनी माणसासारखं बोलायचं नाही आणि आम्ही त्यांना आबा म्हणायचं नाही, असा दंडक होता.

हा वाघ मोठा खोडकर. ताशाच्या ठेक्यावर बाजारातून जाताना तो कुणाच्याही दुकानातून केळं उचली, हलवायाच्या परातीतली जिलबी पळवी, एखाद्या गुजराथ्याची टोपी काढून तिसऱ्याच्या डोक्यावर ठेवी. कुणी काही म्हणायचं नाही. उलट वाघानं ज्याचं नेलं त्याला बरकत, असं दुकानदारच म्हणत. आणि खोड्या रस्त्यावरच थांबत नसत. त्या दहा दिवसांत आमच्या घरातलं उलथनं सापडत नसे, चिमटा छपरावर निघे, फणी पिठाच्या डब्यात. आईला त्याचं काही वाटत नसे. ती नातेपुत्याकडची. तिच्या माहेरच्या शिवारात बांधावर शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता आणि वाघोबा वस्तू लपवून गंमत बघतो हे तिला जन्मापासून ठाऊक. "आलाय घरात. हसतोय बग कोपऱ्यात," असं म्हणून ती उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ठेवायची. चाचा म्हणायचे, शेर तर हजरत अलींचा, अल्लाचा शेर, तो कशाला चिमटे चोरेल, हे काम सैतानाचं. समोरच्या घरातली गौरव्वा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. तिच्या मते हुली म्हणजे वाघ हा शिवाचं आसन होऊन बसलेला, त्यामुळे बसून बसून कंटाळला की तो असल्या खोड्या करणारच. मी मिशनच्या शाळेत जात होते. तिथल्या बाईंनी सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलाची गोष्ट सांगितली होती. मी त्यांना विचारलं की त्या सिंहांनी दानिएलाची फणी लपवली का. बाई खूप हसल्या. पुढं मला वाटायला लागलं की आमच्या घरातला वाघ एकच आहे आणि प्रत्येक जण त्याला आपापल्या दारातून बघतो आहे. आजही मला याहून जास्त काही कळलेलं नाही.

सातव्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हीकडची माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. आमच्या पेठेतल्या तालमीत बाहेरगावचे एक पाहुणे बोलायला आले होते. आपले सण सोडून दुसऱ्यांच्या मिरवणुकीत कशाला नाचता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. आबा मागं बसून ऐकत होते. तेवढ्यात कुणीतरी पुढून म्हणालं, "आमच्यातबी हाय की एक मोरमातला वाघ! शेपूट लई लांब हाय त्याची." सगळी तालीम हसली. झालं. आबांचं डोकं फिरलं. ते तसेच उठले, देवापुढचा बेलभंडार उचलला आणि गरजले, "हितनं पुढं मोरमाच्या मिरवणुकीत वाघ हून पाय टाकणार न्हाय!" टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत टाळ्या ओसरल्या होत्या आणि आबांना आठवलं होतं की नवसाचं एक वर्ष अजून राहिलं आहे.

तिकडं चाचांचे थोरले भाऊ हज करून आले होते. शांत, पांढऱ्या दाढीचा, गोड बोलणारा माणूस. त्यांचं म्हणणं, माणसाला जनावर बनवणं हे दीनात बसत नाही, हुसेनसाहेबांच्या दुखवट्यात तमाशा कसला. चाचांना भावापुढे कधी तोंड उघडता आलं नव्हतं. मशिदीत बसून त्यांनी शब्द दिला की शेराच्या अंगाला हात लावणार नाही आणि त्याचं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी चाचा आणि आबा आमच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसले होते. एकानं बेलभंडार उचललेला, दुसऱ्यानं मशिदीत शब्द दिलेला. मग चाचांनी आपला पितळी पानाचा डबा उघडला, एक पान आबांना दिलं, एक स्वतः खाल्लं आणि म्हणाले, "क्या करते अब?" आबा म्हणाले, "काय करनार. गप बसनार."

चंद्र दिसला, मोहरम सुरू झाला, आणि त्या वर्षी घरात खोड्या झाल्याच नाहीत. उलथनं जागेवर, चिमटा जागेवर. आईला त्याचीच भीती वाटली. एरवी वस्तू हरवल्या की हसणारी बाई, आता रोज सकाळी भांडी मोजून बघायची आणि तोंड बारीक करायची. एकच गोष्ट गेली होती, शेपूट. गिरणीतल्या रद्दी सुतानं भरलेली वाघाची पिवळी शेपूट सहा वर्षं माळ्याखालच्या खुंटीला टांगलेली असे. पाचव्या दिवशी खुंटी रिकामी दिसली. आईनं खुंटी चाचपून बघितली. "गेला," म्हणाली, "रागावून गेला त्यो." सातव्या दिवशी मला हीव भरून ताप आला.

शाळेच्या बाईंनी हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या पाठवल्या. गौरव्वानं विभूती लावली. चाचींनी, म्हणजे कासीमचाचांच्या बायकोनं, सरबत आणि चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड रोट्या, आणल्या, पण माझ्या तोंडाला चव नव्हती. मी गोधडीखाली थरथरत पडलेली आणि पलीकडं आई-आबांचं बोलणं चाललेलं मला सगळं ऐकू येत होतं. आई कधी आबांपुढे आवाज चढवत नसे. त्या दिवशी तिनं चढवला. "तुमी भंडार उचलला तवा मला इचारलं व्हतं का? तुमची शपथ तुमच्यापाशी. माझी पोर माझ्यापाशी हाय. एक वरीस राह्यलंय. ते मी बुडू देनार न्हाय."

"अगं पन देवाचा भंडार उचललाय मी."

"आनि नवस कुनाचा व्हता? दगडाचा?"

आबा उठले. ते माझ्यापाशी येऊन बसले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला तापापेक्षा त्याचीच भीती वाटली. मी मरणार आहे असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

तोड काढली ती आईनं. नवव्या दिवशी सकाळी ती चाचांच्या दारात जाऊन उभी राहिली. मला बरं वाटावं म्हणून मला अंथरुणासकट पुढच्या खोलीत आणून निजवलं होतं, त्यामुळे मला ते दिसत होतं. आई म्हणाली, "भावजी, ह्यांनी मिरवणुकीत पाय टाकायचा न्हाय म्हनून सांगितलंय. उंबऱ्याच्या आत नाचायचं न्हाय, असं न्हाय सांगितलं. पंजाची सवारी तर दारावरनंच जाती की आपल्या."

चाचांनी आईकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाले, "हौ, वो तो ठीक है भाभी. पन रंगायेगा कौन? मैं हात नै लगा सकता, मुंह नै देख सकता."

"मी रंगवते. तुमी पाठ करून बसा आनि नुसतं सांगा."

अशा रीतीनं कासीमचाचा आमच्या ओट्यावर, दाराकडे पाठ करून, मांडी घालून बसले. आत आबा उघडेबंब, फक्त लंगोट लावलेले, आणि त्यांच्यापुढे पदर खोचलेली माझी आई, जिनं जन्मात दारापुढच्या रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं. पिवडी, चुना आणि काजळी चाचांनीच आपल्या दुकानातून पाठवली होती, कारण रंगाला हात लावायचा नाही असं काही ते बोलले नव्हते. "पहले पीठ, भाभी. पूरी पिली करो. कान के पीछे नक्को छोडो." आई काजळीत काडी बुडवून पट्टे ओढायला लागली. आबांना गुदगुल्या व्हायच्या, ते हलायचे, पट्टा वाकडा जायचा, आई चापट मारायची आणि बाहेरून चाचा ओरडायचे, "हिलो मत रे शेर!" मला आश्चर्य एका गोष्टीचं वाटत होतं. चाचांची पाठ आमच्याकडे होती, मान एकदाही वळली नाही, तरी मधेच ते म्हणायचे, "बाये गाल की लकीर नीचे गई, भाभी. जरा उपर लो." आई बघायची तर खरंच डाव्या गालावरची रेघ खाली गेलेली असायची. इतकी वर्षं रंगवून त्यांना पाठीलाही डोळे फुटले असतील असं मी मनाशी ठरवून टाकलं. पानाचा डबा गुडघ्यावर उघडा ठेवून ते सारखे सुपारी शोधत होते, पण त्या सबंध सकाळी त्यांनी पान एकच खाल्लं.

शेवटी मिशा झाल्या, डोळे झाले. आबा गप्प झाले. आई दोन पावलं मागं सरली आणि एकदम तोंडाला पदर लावून हसू दाबायला लागली. वाघ कसला, आमच्या चुलीपाशी बसणारी मांजर सुजून मोठी झाल्यासारखी दिसत होती. मला ताप असूनही हसू आलं. वाघानं आमच्याकडे रागानं पाहिलं. "पन शेपूट?" आईच्या एकदम लक्षात आलं आणि तिचं हसू गेलं. त्यावर चाचांनी मान न वळवता सदऱ्याच्या आतून एक पिवळं गुंडाळं काढलं आणि खांद्यावरून मागं आत भिरकावलं. ती शेपूटच होती. तालमीतली पोरं कुणाच्या घरात मोहरमाचं काय आहे ते धुंडाळून जाळणार, असं चाचांच्या कानावर आलं होतं, म्हणून त्यांनी पाचव्या दिवशीच ती आमच्या खुंटीवरून गुपचूप उचलून नेली होती. आई हात जोडून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

दुपारी ताशे वाजायला लागले. सवारी, म्हणजे रेशमी कपड्यानं सजवलेला चांदीचा पंजा, काठीवर धरून येत होती. धरणारा पिंजारी नेहमीसारखा घामानं निथळत झुलत होता. बोळाच्या तोंडाशी तालमीची आठ-दहा माणसं हाताची घडी घालून उभी होती. दुसऱ्या बाजूला, आमच्या ओट्याला लागून, दाराकडे पाठ करून चाचांचे हाजी भाऊ उभे. दोन्हीकडच्या जाणत्यांनी आधीच ठरवलं होतं म्हणे, की यंदा सवारी आमच्या बोळात कुठंच थांबवायची नाही, सरळ पुढं काढायची, म्हणजे तंटा नको. ते कळल्यावर आईचा चेहरा पांढरा पडला. सवारी थांबली नाही तर नवस पंजापर्यंत पोचलाच नाही. दाराच्या आत वाघ उभा, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. ताशे जवळ आले, आमच्या भिंतीशी आले, आणि पुढचे लोक आमच्या दारावरून पुढं निघूनही गेले.

तेवढ्यात समोरून गौरव्वा घागर घेऊन बाहेर आली. म्हातारी, वाकलेली, पदर डोक्यावर. ती सरळ रस्त्याच्या मधोमध चालत आली आणि "यव्वा, उनात पाय भाजतात की त्याचे" म्हणून तिनं सगळी घागर आमच्या दारापुढच्या मातीवर ओतली. सवारीच्या पायाखाली बाईनं पाणी ओतलं की सवारीनं तिथं थांबायचं, हा आमच्याकडचा रिवाज. तो मोडायची ताकद तालमीतही नव्हती आणि मशिदीतही. पिंजाऱ्याचे पाय ओल्या मातीत थबकले. पंजा वळला. ताशेवाल्यानं दारात वाघ पाहिला आणि त्याच्या काड्या आपोआप वाघाच्या ठेक्यावर पडल्या.

आबा नाचले. दोन पावलांची जागा, मागं चूल, वर माळा. पण असे नाचले की तसे ते बाजारात कधी नाचले नव्हते. वाघाचे पाय उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे, तसूभर पुढं नाहीत. मग वाघ माझ्यापाशी आला, वाकला, आणि आईनं मला गोधडीसकट उचलून त्याच्या पाठीवर बसवलं. ओली पिवडी माझ्या हातांना लागली. पंजाची चाकरी करणाऱ्या मुजावरानं बाहेरून हात लांब करून मोरपिसांचं मोरचेल माझ्या डोक्यावरून फिरवलं. आबांचं अंग थरथरत होतं आणि मला कळत होतं की हा वाघ रडतो आहे, पण रडताना आवाज करायची त्याला मुभा नव्हती. चाचा तेव्हाही ओट्यावर पाठमोरेच बसले होते, डबा उघडा, मान खाली.

पुढं तालमीत मोठा वाद झाला. नाचताना शेपूट उंबऱ्याबाहेर पडली होती असं दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आबांनी ठणकावून सांगितलं, "शपथ पायाची हुती. शेपटीचं काय बोललो न्हवतो." त्यावर पुन्हा सगळी तालीम हसली, आणि या वेळी आबाही हसले. माझा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. शाळेच्या बाई म्हणाल्या कोयनेल, गौरव्वा म्हणाली विभूती, चाची म्हणाल्या सरबत. दुसऱ्या दिवशी उलथनं सापडेना, तेव्हा आई घरभर ते शोधत गाणं गुणगुणत फिरली.

माझं लग्न होऊन मी कुर्डुवाडीला गेले. यजमान रेल्वेत. आबा गेले, मग आई. त्यानंतर काही वर्षांनी चाचींनी निरोप धाडला की चाचांचं काही खरं नाही, तुझं नाव काढतात. मी पहिल्या गाडीनं सोलापूरला आले. चाचा खाटेवर, नुसतं कातडं आणि हाडं, दोन वर्षांच्या मला लोकांनी पाहिलं असेल तसे. मला ओळखून म्हणाले, "गोदी, तेरी मां ने शेर नै, बिल्ली बनाई थी."

मी चमकले. "चाचा, तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर बघितलंच नाही."

त्यांनी उशाखालचा पानाचा डबा काढून माझ्या हातात दिला आणि उघड म्हणून खूण केली. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा होता. छोटा, हाताच्या तळव्याएवढा, एका कडेला पारा उडालेला. मी त्यात पाहिलं तर मागचं दार, दारातली चाची, अंगणातला उजेड, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"पण तुम्ही तर शब्द दिला होता," मी म्हटलं.

"मुंह नै देखूंगा बोल्या था, बेटी. नै देख्या. आईना देख्या." मग जरा थांबून, धाप लागत लागत म्हणाले, "भाई कू मालूम था. उनों भी उस दिन मेरेच डिब्बे में देख रहे थे."

तो डबा आता माझ्या फडताळात आहे. मी पान खात नाही. चष्मा मात्र सारखा हरवतो, आणि कधीमधी त्या डब्यातच निघतो. मी ठेवलेला नसतो.